काचेखाली काही दिसेना

टेबलावर आडवा झालेला पुरुष घाबरला की विनोद करतो. सोलापूर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांमधून पुरुष नसबंदीच्या शस्त्रक्रिया करण्यात माझी बरीचशी नोकरी गेली, त्यामुळे एवढी एक गोष्ट मी खात्रीनं सांगू शकते. जो सगळ्यात जास्त हसवतो त्याची नाडी सगळ्यात जोरात पळत असते. त्यातून टेबलाशी उभी बाई. मी आत गेले की काहीजण मला नर्स समजून विचारायचे, डॉक्टर कधी येणार. डॉक्टर मीच म्हटलं की नजर सरळ छताला. एक पैलवान तर चादर गुंडाळून उठला तो थेट फाटकापर्यंत गेला. चपला आमच्याकडेच राहिल्या. त्या न्यायला तो पुढच्या आठवड्यात आला तेव्हा सोबत बायको होती. त्याला आत ढकलून ती दारातच बसून राहिली.

सांगायला हे गमतीचं वाटतं, पण त्या माणसांची भीती खोटी नव्हती. शेतकऱ्याच्या घरात खोंड खच्ची करताना प्रत्येकानं लहानपणी पाहिलेलं असतं. पाय बांधून आडवा पाडलेला खोंड, आणि तो मोठा लोखंडी चिमटा. आमची हत्यारंही चिमट्याच्याच जातीची. म्हणून मी शस्त्रक्रियेच्या खोलीत चिमटा हा शब्दच बंद करून टाकला होता. माझ्याबरोबर सगळ्यात जास्त काळ काम केलेल्या शमीम सिस्टर एका हत्याराला ‘कडी’ म्हणायच्या आणि दुसऱ्याला ‘टोक’.

ही शस्त्रक्रिया काय असते हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. अंडकोषाच्या पिशवीत दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी असते. तिच्यातून पुरुषाचं बीज पुढं जातं. बोटांत धरली तर ती कातडीखाली जाड, कच्च्या शेवईसारखी लागते. ती बोटांनी वर आणायची, जागा बधिर करायची आणि कातडीवरूनच कडीत धरायची. मग टोकानं कातडीला एक भोक पाडायचं, ते जरासं रुंदावायचं, नळीचा वेढा बाहेर घ्यायचा, मधला तुकडा काढायचा, दोन्ही तोंडं बांधायची आणि आत सोडून द्यायची. पूर्वी सुरीनं चिरा देऊन टाके घालत. या पद्धतीत सुरी नाही, टाका नाही. माणूस आपल्या पायांनी घरी जातो. ताकद जात नाही, पुरुषपण जात नाही. फक्त नळी बंद होते.

जमेल तशा मी यात सुधारणा करत गेले. बधिर करायची सुई मी सगळ्यात बारीक घ्यायला लागले, कारण पळून जाणारे बहुतेक सुई बघून पळायचे. थंड खोलीत आणि भीतीनं पिशवी आकसते, नळी हाताला लागत नाही. म्हणून पंखा बंद आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी. कडी वापरून वापरून सैल होते, मग नळी ऐन वेळी निसटते आणि रक्त साकळतं. तेव्हा दर वेळी सलाईनच्या नळीच्या तुकड्यावर कडीची पकड तपासायची सवय मी लावून घेतली. माझं माहेर विणकरांचं. तुटलेला धागा चाचपून हातात घ्यायची सवय बोटांना लहानपणापासून होती, तिचाही उपयोग झाला. एकंदरीत माझा हात चांगला आहे असं लोक म्हणायचे, आणि मलाही ते ऐकायला आवडायचं.

मी आता सांगणार आहे ती भीती टेबलावरची नाही. ती टेबलावरून उठून घरी गेलेल्या माणसाच्या मागोमाग गेली आणि पुन्हा माझ्या दारात आली. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावं बदलली आहेत. सांगोल्याच्या बाजूचा दवाखाना, एवढंच पुरे.

अंकुशची डाळिंबाची बाग होती, थोडी मेंढरं होती. दोन मुलं. त्याची बायको रेखा, तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झालेली. दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. सोलापूरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला पुन्हा दिवस राहता कामा नयेत, आणि हिला भूल देऊन शस्त्रक्रियाही नको. तेव्हा अंकुश स्वतःहून आमच्याकडे आला. आमच्या भागात ही साधी गोष्ट नव्हती. त्याच्या थोरल्या भावानं, दिगंबरनं, तोंडावर सांगितलं होतं की आपल्या घरात असं कुणी केलेलं नाही. तरी अंकुश आला. त्यानं विनोद केला नाही. शमीम सिस्टरांचा हात मात्र घट्ट धरून ठेवला.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तीन महिन्यांनी वीर्य तपासून बीज पूर्ण बंद झाल्याची खात्री करावी लागते. बहुतेक पुरुष त्यासाठी फिरकत नाहीत, पण अंकुश आला. रिपोर्ट स्वच्छ होता. आता काळजी नाही, असं मीच त्याला सांगितलं.

दोन-अडीच वर्षांनी एका सकाळी तो आणि दिगंबर माझ्या खोलीत येऊन बसले. अंकुश खाली बघत होता. बाहेर कडुलिंबाखाली रेखा उभी होती, आणि तिच्या शेजारी कुणी नव्हतं. तिथं सावलीत पेशंटांची गर्दी असते, तरी तिच्याभोवतीची जागा मोकळी होती.

दिगंबर म्हणाला, “मॅडम, आमच्या अंकुशचं आपरेशन तुमीच केलं न्हवं? ते नीट झालं हुतं का न्हाय, येवढंच सांगा.”

नीट झालं होतं, हे उत्तर माझ्या ओठांवर आलेलं होतं. कामाचा अभिमान असला की ते आपोआप येतं. पण माझी नजर खिडकीतून बाहेर गेली आणि मी थांबले. मी विचारलं, रेखाला दिवस राहिले आहेत का? अंकुशनं होकारार्थी मान हलवली.

मग मी त्यांना समजावायला लागले. कापून बांधलेली दोन तोंडं आत सुटीच असतात. फार क्वचित, पण कधी कधी शरीर त्यांच्यामधून स्वतःच वाट काढतं आणि बंद झालेली नळी पुन्हा वाहती होते. रिपोर्ट स्वच्छ आल्यानंतरही हे घडतं. कुणाचा दोष नसतो. दिगंबरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, असं तुमच्या हातून आजवर किती जणांचं झालं? माझ्या माहितीत एकाचंही झालेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. तो नुसता हसला. त्या हसण्याची मला भीती वाटली.

उपाय एकच होता, अंकुशचं वीर्य पुन्हा तपासणं. मूल कुणाचं हे सांगणाऱ्या तपासण्या असतात, पण त्या पुढच्या गोष्टी. तोवर हे गर्भारपण रेखाच्या हृदयाला पेलणारं नव्हतं. गर्भपात कायद्यानं करता येत होता, पण त्यासाठीही तिला लवकरात लवकर सोलापूरला न्यायला हवं होतं. मी दिगंबरला बाहेर बसायला सांगितलं आणि अंकुशला म्हटलं, आज नमुना दे.

तो नको म्हणाला. मी कारण विचारलं. तो टेबलाच्या काचेवर बोट फिरवायला लागला.

“मॅडम, समजा त्यात काय न्हाय निघालं. मग मी काय करू ते सांगा आदी. आज मला म्हाईत न्हाय, म्हणून मी गप हाय.”

मी त्याला बसवून ठेवलं आणि रेखाला तपासायच्या खोलीत घेतलं. तिचा श्वास लागत होता. पायांवर सूज होती. मी छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. हात गार होता. वाटेत गाडीत दीर काय काय बोलला ते तिनं सांगितलं. धमकी अशी त्यानं एकही दिली नव्हती. बागेतल्या विहिरीला यंदा पाणी किती आहे, एवढंच तो दोनदा बोलला होता.

“तपासाची भीती न्हाय मला,” ती म्हणाली. “तपास न करताच घरी नेतील, त्याची हाय.”

तुम्ही मला विचाराल, तुमचा तिच्यावर विश्वास होता का? खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. मी तिला तो प्रश्न विचारला नाही. ती खरं बोलत असेल किंवा नसेल, तिला त्या गाडीत पुन्हा बसू द्यायचं नाही एवढंच मला कळत होतं. माझ्या मागे उभ्या शमीम सिस्टर हळूच म्हणाल्या, “मॅडम, इसको घर को जाने नक्को देव.”

मी रेखाला दाखल करून घेतलं. कारण शोधावं लागलं नाही, हृदयाचंच होतं. सोलापूरला न्यायला रुग्णवाहिका दुसऱ्या दिवशी दुपारशिवाय मिळणार नव्हती. दिगंबर आत आला आणि तिला घेऊन जातो म्हणाला. मी म्हटलं, हिचं हृदय ज्या अवस्थेत आहे त्यात हिला नेलं आणि वाटेत काही झालं, तर मला पोलिसांत लिहून द्यावं लागेल. तो बाहेर जाऊन फाटकाशी उभा राहिला. शमीम सिस्टरांनी रेखाची खाट नर्सच्या टेबलासमोर घेतली आणि वॉर्डाच्या दाराशी एक शिपाई बसवला.

अंकुश शेवटी तयार झाला. हातात डबी घेऊन तो न्हाणीघरात गेला आणि तासाभरानं बाहेर आला. डबी रिकामी होती. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. भ्यालेल्या माणसाला हे जमत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नमुना दिला. मधला सगळा वेळ त्यानं वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढला होता, पण आत जाऊन बायकोला एकदाही बघितलं नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञानं नमुना काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकातून बघितला, आणि माझ्याकडे वळून मान हलवली. काही नाही. मी स्वतः बसले. काचेखाली मला काही दिसेना. थोडा गाळ, काही पेशी, बाकी नुसता मोकळा उजेड. एरवी या दृश्यानं मला समाधान मिळायचं. माझं काम चोख झाल्याची ती खूण. त्या दिवशी तेच दृश्य बघताना माझी शस्त्रक्रिया फसलेली असू दे म्हणून मी मनात प्रार्थना करत होते. सर्जन असताना अशी प्रार्थना मी ना त्याआधी केली होती, ना नंतर केली.

बीज अगदी थोडं असेल तर साध्या थेंबात सापडत नाही. मी तंत्रज्ञाला नमुना यंत्रात फिरवायला सांगितला, म्हणजे जे काही असेल ते तळाशी बसतं. दाराच्या फटीतून मला दिगंबरचे पाय दिसत होते. तो खोलीच्या बाहेर येऊन उभा होता. यंत्राची घरघर चालू असताना मी विचार करत होते की याही वेळी काही निघालं नाही तर काय बोलायचं. एका नमुन्यानं काही सिद्ध होत नाही, हे डॉक्टर म्हणून मला ठाऊक होतं. पण ते दिगंबरला कसं सांगायचं? सांगितलं असतं तरी त्यानं ते ऐकलं नसतं.

तळाचा थेंब काचेवर घेतला. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून मी शेतातली वाफ्यांची रांग बघावी तशी काच सरकवत गेले. गाळ. पुन्हा गाळ. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा पुसून पुन्हा बसले. अर्धी काच संपली. मग कडेला काहीतरी वळवळलं. मला आधी खरं वाटेना, डोळ्यांचा भास असेल म्हणून मी नजर काढली आणि पुन्हा लावली. ते होतं. डोकं, शेपूट, आणि आपल्या वाटेनं पोहत जाणं. पुढच्या जागी आणखी एक, मग दोन. तंत्रज्ञाला बघायला सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, आहेत मॅडम, जिवंत आहेत.

मी दार उघडलं आणि दोघा भावांना आत बोलावलं. माझ्या तोंडून काही सांगण्यापेक्षा त्यांनी डोळ्यांनी बघावं असं मला वाटलं. दिगंबर आधी बसला. त्याला चष्मा काढून बसवावं लागलं, नेमकं काय बघायचं ते सांगावं लागलं. “ही हलतीय ती?” त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. मग तो उठला, चष्मा लावला आणि बाहेर गेला. त्यानं माझी माफी मागितली नाही, रेखाची तर नाहीच. फाटकाबाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज तेवढा आला.

अंकुशनं काचेला डोळा लावला तो उठेचना. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा मी खोलीतून बाहेर आले. थोड्या वेळानं तो वॉर्डात गेला, पहिल्यांदाच, आणि रेखाच्या पायाशी बसला.

दुपारी रुग्णवाहिका सांगितली होती. तिला चढवायच्या आधी मी तिची नाडी बघत होते, तेव्हा तिनं विचारलं, “ह्यांनी आदी काच बगितली, मग हितं आले. व्हय ना?”

मी होय म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

सोलापूरला पोचल्यावर हृदयाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिचा गर्भपात झाला. एक दिवस बराच कठीण गेला, फुप्फुसात पाणी भरलं. मी रजा काढून तिथं जाऊन बसले होते. हळूहळू ती सावरली.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. नळीवर एक पातळ आवरण असतं. कापलेल्या दोन तोंडांपैकी एकावर ते ओढून घ्यायचं आणि बांधून टाकायचं, म्हणजे दोन तोंडांच्या मध्ये पडदा राहतो. हे मला शिकवलेलं होतं, पण वेळ लागतो, हात अडकतो, म्हणून नसबंदीच्या शिबिरांतून ते सगळेच टाळायचे. मी टाळणं बंद केलं. शिवाय पुण्याहून एक हत्यार मागवलं. जाड पेनसारखं, बॅटरीवर चालणारं, टोकाला लाल होणारी बारीक तार. ती नळीच्या तोंडात घालून आतली बाजू भाजायची, म्हणजे ते तोंड आतूनच मिटतं. शिबिरात पूर्वीपेक्षा कमी माणसं व्हायला लागली. वरून विचारणा झाली. मी कारण सांगितलं, ते कुणाला पटलं, कुणाला नाही. मी पुढं चालू ठेवलं.

अंकुश पुन्हा शस्त्रक्रियेला आला तेव्हा माझाच हात जड झाला होता. पहिल्या वेळच्या वणामुळे आतलं सगळं चिकटलेलं, नळी सुटी होईना. एका बाजूला तोंडं बरीच जवळ आलेली मला दिसली. मी पडदा घातला, आतून भाजलं, पुन्हा तपासलं. शमीम सिस्टर माझ्या कपाळावरचा घाम टिपत होत्या. अंकुश या वेळी कुणाचा हात धरायला तयार नव्हता. डोळे उघडे ठेवून पडला होता.

तीन महिन्यांनी तपासणीला दोघं आली. रेखा बारीक झाली होती, पण चालत आली. मी नमुना बघितला, यंत्रात फिरवून पुन्हा बघितला. काही नव्हतं. मी रिपोर्ट लिहून अंकुशच्या हातात द्यायला गेले, तर रेखानं तो मधेच घेतला.

“आता परत कदी व्हनार न्हाय न्हवं?” तिनं मला विचारलं.

मला होय म्हणायचं होतं. मी सांगितलं की या वेळी जमेल तेवढं सगळं केलं आहे, पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त केलं आहे. पण कधीच नाही असं कुठल्याही डॉक्टरला म्हणता येणार नाही.

मग तिनं कागद माझ्यापुढं ठेवला.

“मग तसं लिवा. मराठीत लिवा. परत दिवस गेले तर आदी ह्यास्नी तपासायचं. बाईला इचारायच्या आदी.”

असं कुणी लिहीत नाही. रिपोर्टच्या कागदावर त्याला जागाही नसते. मी खालच्या कोऱ्या भागात मोठ्या अक्षरांत लिहिलं: यानंतरही पत्नीस दिवस राहिल्यास प्रथम पतीची तपासणी करावी. खाली सही केली, शिक्का मारला. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक रिपोर्टवर ते वाक्य गेलं.

रेखानं कागद अंकुशला दिला आणि वाचून दाखवायला सांगितलं. तपासणीच्या रांगेतली माणसं बघत होती, त्यांत नवरे होते, सासवा होत्या. अंकुश चाचरत वाचायला लागला. शेवटच्या ओळीशी त्याचा आवाज खाली गेला.

“आयकू न्हाय आलं,” रेखा म्हणाली. “परत वाचा.”

त्यानं पुन्हा वाचलं.